विषम तारखांची बोट

३० ऑगस्ट

आज मॅव्हिसचा दिवस. अजून उजाडलंही नव्हतं तेव्हा आमची बोट, ओल्गा, धक्क्यावरून सुटली. मॅव्हिसने मागे घेताना खांबाला घासली असणार. माझ्या खिडकीतून धक्क्याचं ते टोक दिसत नाही, पण आवाज आला. आलाच!

मी गसच्या दुकानावरच्या खोलीत. खाली आमिषाचं हेरिंग आणि इंजिनतेल विकलं जातं, वर मी राहतो. तीस वर्षं मॅव्हिसशी संसार करून माझ्या वाट्याला एक खोली, एक शेगडी आणि विषम तारखा आल्या. घर विकता आलं, अर्धं अर्धं करता आलं. बोट कशी कापणार? म्हणून सम तारखा मॅव्हिसच्या, विषम माझ्या. वकिलाला वाटलं फार हुशारी केली.

३१ ऑगस्ट, रविवार

माझा दिवस. दिवसभर धुकं, पलीकडचा कॅनडा गायब. दोन कोहो सॅमन लागले, दोन्ही अंगाने भरलेले. पण शेपटीजवळचा पाठीवरचा छोटा पर दोघांचाही शाबूत. म्हणजे हॅचरीत वाढवून, खूण म्हणून पर कापून सोडलेले नव्हेत, नदीतच जन्मलेले. असल्यांना बोटीत घ्यायचंसुद्धा नाही, पाण्यातल्या पाण्यात सोडायचं. नियम बरोबर आहे, मलाही पटतो. पण रात्री सूप डब्यातलं प्यायलो.

१ सप्टेंबर

काल एकतीस, आज एक. दोन्ही विषम! हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. पहाटे धक्क्यावर मॅव्हिस हाताची घडी घालून उभी. थर्मास भरून, बूट चढवून आलेली.

"काल तुझा आणि आज पण तुझाच?"

म्हटलं, मी नाही, महिन्याने केलं. ती थर्मास उचलून परत गेली. गस दुकानाच्या दारात उभा राहून खोखो हसत होता.

एक मासा मिळाला. पर कापलेला. लहानसाच. तिला अर्धा द्यावा असं वाटून गेलं. दिला नाही.

३ सप्टेंबर

बोट ताब्यात आली की आधी पाहणी करायची. मॅव्हिसने गळांचा डबा आवरलाय. आमिषाची प्लास्टिकची माकुळं रंगवार लावलीत, हिरवी एकीकडे, गुलाबी एकीकडे. टाकी भरलेली. गळांचे उलटे काटे पक्कडीने चेपायचे असतात, ते सगळे चेपलेत असा तिचा निरोप गसकडे होता. मी एकेक गळ अंगठ्यावर घासून बघितला. सगळे चेपलेले होते.

यावरूनच तर सगळं झालं. समेटासाठी समुपदेशक बाईंसमोर बसवलं होतं तेव्हा मॅव्हिस म्हणाली, "हा माणूस माझ्या तोंडचा एक शब्द तपासल्याशिवाय घेत नाही. मी गॅस बंद केला म्हटलं की हा उठणार. दार लावलं म्हटलं की हा उठणार. तीस वर्षं हा उठतोच आहे." आणि बोटीवरही तेच म्हणे. ती वाकून सांगणार, पर कापलेला आहे, की मी गळाची काठी हातात घेऊन तिच्या खांद्यावरून डोकावणार. बोट एका बाजूला कलणार, ती ओरडणार, भांडण सुरू.

आता बघण्यात काय गैर? गॅस एकदा चालू राहिला होता! दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पिणारच की.

४ सप्टेंबर

ब्रिनचा फोन. सिअॅटलहून शहाणपण शिकवते पोरगी. "बाबा, विका ना ती बोट. दोघंही सुटाल."

विकणार नाही. जुन्या गोठ्यामागे काटेरी ब्लॅकबेरीच्या जाळीत बोटीचं रिकामं धूड पडलेलं होतं. उंदरांनी घर केलेलं. तिथून ओढून काढलं, दोन हिवाळे घासलं, इंजिन बसवलं, आईचं नाव दिलं. मी.

मॅव्हिस म्हणते जाळीत पहिल्यांदा तिला दिसलं. तेही खरंच आहे. ताडपत्रीचं छप्पर तिने शिवलं, तेही खरं. "तुझ्या आजीला इतकी वर्षं मीच तर घासतेय," असंही तिने ब्रिनला सांगितलंय म्हणे. माझी आई असती तर हसली असती. तिचं सुनेशीच जास्त जमायचं.

५ सप्टेंबर

गसने आज गंमत म्हणून काढलं. तेरा तारखेला त्याच्या दुकानाची कोहोची स्पर्धा आहे, दरवर्षीची. म्हणाला, त्यात दोघं उतरा, ज्याचा मासा जड त्याची बोट. रोजरोजचं हे तारखांचं रडगाणं मला ऐकवत नाही.

मी हसलो. मग हसू थांबलं. तेवढ्यात मॅव्हिस आमिष घ्यायला आली, तिच्याही कानावर गेलं. ती म्हणाली, "मला चालेल."

बोट एकच. म्हणजे दोघं एकाच बोटीत. डाव्या बाजूची काठी माझी, उजवी तिची, ज्याच्या काठीला लागेल मासा त्याचा. जाळं दुसऱ्याने धरायचं. गसचा चेहरा पडला. त्याला वाटलं नव्हतं आम्ही ऐकू.

७ सप्टेंबर

जिंकणार. बस्स.

९ सप्टेंबर

पश्चिमेचा वारा, लाटा धक्क्यावर. कोणीच गेलं नाही. खोलीत बसून दोरी बदलली, नवी गुंडाळली, गाठी ओढून ओढून बघितल्या.

११ सप्टेंबर

चांगला मासा कडेपर्यंत आणला आणि समुद्रसिंहाने दोन हातांवरून तोंडातला घास पळवला. दोरीला नुसतं डोकं राहिलं! शिव्या घातल्या. पण जागा कळली. ओहोटी वळते तेव्हा खडकांच्या बाहेर दोन प्रवाह भिडतात, फेसाची रेघ धरते, तिच्या आतल्या बाजूला मोठे फिरतायत. मॅव्हिसला सांगावं लागेल, बोट एकच आहे. म्हणजे माझी मेहनत तिच्याही कामी येणार. येऊ दे. तरी जिंकणार.

१३ सप्टेंबर, शनिवार

सगळं नीट लिहून ठेवतो.

अंधारात धक्क्याशेजारच्या उतारावरून ओल्गा पाण्यात घातली. मॅव्हिस म्हणाली, तळातलं पाणी काढायच्या भोकाचं मागचं बूच लावलंय. मी हो म्हटलं आणि हात घालून चाचपलं. लावलेलं होतं. ती माझ्याकडे बघत होती. पुढे तासभर तोंड फुगलेलं. जित्याची खोड, तिला काय नवीन आहे?

खडकांच्या बाहेर गेलो. शिशाचे गोळे खाली सोडले, दोऱ्या त्यांच्याबरोबर खोल गेल्या. बोलणं जेवढ्यास तेवढं. थोडं उजवीकडे घे. समुद्री वेल अडकलीय. कॉफी हवी का? हवी. तिने दिली, साखर न विचारता बरोबर घातलेली.

पहिली काठी तिची वाकली. मी माझी दोरी गुंडाळून घेतली आणि जाळं उचललं. चांगला मासा होता, चिवट. काठी धरलेल्याला मागून काही दिसत नाही, त्याची नजर दोरीवर. पर बघायचा तो जाळंवाल्याने. मी वाकलो. मासा कुशीवर वळला, पाठ दिसली. पराच्या जागी नुसती गुळगुळीत खूण.

एक शब्द पुरला असता. 'आहे' म्हटलं असतं तर तिने तिथल्या तिथे सोडला असता आणि कोणाला कधी कळलं नसतं. हे आता लिहिताना सुचतंय असं म्हणणं खोटं होईल. तेव्हाच सुचलं. मान वर करून बघितलं तर ती दोरीकडे बघत होती. माझ्याकडे नाही, माशाकडे नाही. मी काय सांगेन तेच खरं धरून उभी होती.

"कापलेला," म्हटलं आणि जाळं खाली घातलं.

"बरं," ती म्हणाली. एवढंच. नऊ पौंडांच्या आसपास भरेल असा.

मग दुपारपर्यंत काही नाही. ओहोटी वळली, फेसाची रेघ आली, आणि माझी काठी वाकली ती वाकलेलीच राहिली. रीळ ओरडायला लागलं. मासा एकदाच पाण्याबाहेर आला. नाक आकड्यासारखं वळलेलं, अंग फळीएवढं रुंद! पंधरा पौंड सहज. सोळाही. असा कोहो मी या पाण्यात दोनदा पाहिला असेन. मॅव्हिसने तिचा गोळा वर घेतला, बोट वळवली, सगळं न सांगता. मासा बोट बघून दोनदा पळाला. तिसऱ्यांदा कडेला आला, दमलेला. ओल्गा माझी झाली होती.

मॅव्हिस जाळं घेऊन वाकली. जरा जास्त वेळ वाकली.

"पर आहे. सोड."

माझी मान वळायला लागली होती. खरं लिहितो, अर्धी वळली. मग सकाळचं आठवलं. ती नव्हती वळली. मी मान परत सरळ केली आणि दोरी सैल सोडली. काटा चेपलेला गळ, अलगद निघतो. पाण्यात एक ढवळ उठली, झालं.

मॅव्हिस तशीच वाकलेली. मग माझ्याकडे बघितलं तिने, एखाद्या परक्या माणसाकडे बघावं तसं.

"काय झालं?" मी विचारलं.

"तू बघितलं नाहीस."

"तू सांगितलंस ना."

तिने जाळं आत ओढलं. मग म्हणाली, "गोळा वर घे. जाऊ या घरी." घरी म्हणाली! कुठल्या घरी?

परत येताना सुकाणूवर तीच होती, एकदाही मागे वळली नाही. गसच्या काट्यावर तिचा मासा नऊ पौंडांहून थोडा जास्त भरला. स्पर्धेत चौथा, पण आमच्या दोघांत पहिला. लोकांनी तिच्या पाठीवर थापा मारल्या. ती हसली नाही. मी हात मिळवला, अभिनंदन म्हटलं. आवाज बरा निघाला माझा.

१४ सप्टेंबर

बोटीवरचं सामान आणलं. रेनकोट, सुरी, बसायची उशी. वाईट वाटलं. उगाच कशाला लपवू, खूप वाईट वाटलं. आईचं नाव रंगवलेल्या फळीवर हात ठेवून उभा राहिलो होतो.

ब्रिनला फोन केला. सगळं सांगितलं. बोट गेली याचं तिला काहीच नाही. "बाबा, तू बघितलं नाहीस? तू?" म्हणत राहिली. मग नाक ओढल्याचा आवाज आला.

रडण्यासारखं काय आहे त्यात!

१६ सप्टेंबर

गसने खुंटा हलवून बघितलाच. एवढा मासा, म्हणाला, आणि पर होता याची तुला खात्री? म्हटलं मॅव्हिसने बघितला. तो नुसताच हं म्हणाला आणि दोऱ्या मोजत बसला.

झालं! वर आलो तर डोक्यात किडा. होता का? खरंच होता का? फोन उचलला. तिचा नंबर बोटांना पाठ आहे. ठेवला. परत उचलला, परत ठेवला.

विचारणार नाही. स्पर्धा जिंकायचं ठरवलं होतं ते नाही जमलं, हे जमवणार. ती म्हणाली पर होता, म्हणजे होता. एकदा सोडलेला मासा मनातसुद्धा पुन्हा ओढायचा नाही.

१७ सप्टेंबर

विचारलं नाही.

१९ सप्टेंबर

गस सांगत होता, तेरा तारखेनंतर मॅव्हिसने ओल्गा एकदाही बाहेर काढली नाही. कोहो तर धक्क्यापर्यंत आलेत, लहान पोरंसुद्धा पकडतायत. बरं नसेल तिला. की इंजिन? जाऊन बघावं असं वाटलं. नाही गेलो. सगळं जाऊन बघायची गरज नसते.

शेगडी बंद केली आणि परत उठलो नाही. झोप लागली.

२१ सप्टेंबर, रविवार

मॅव्हिस आली होती. आत ये म्हटलं तरी दारातच उभी. डोळे सुजलेले.

"पर कापलेला होता," म्हणाली.

मला वाटलं तिच्या माशाचं बोलतेय. म्हटलं, माहीत आहे, मीच नाही का सांगितलं.

"तुझ्या माशाचा, ऑरिन. पहाटे ते बूच चाचपलंस ना, तेव्हापासून धुमसत होते मी. मुद्दाम खोटं बोलले. म्हटलं, आता हा येणार माझ्या खांद्यावर, बघणार, बोट कलणार, मग दोघं मिळून ओरडू, मासा आत घेऊ. तू बघणारच होतास. तीस वर्षांत एकदा तरी चुकलास का? आणि विश्वास ठेवायला तोच दिवस सापडला तुला?"

बोट तुझी, म्हणाली, आणि जिना उतरून गेली.

राग यायला हवा होता. शोधला, सापडला नाही. खाली गाडी अजून सुरू झालेली नाही, ती तशीच आत बसलीय. जाऊन बोलावतो.