एंटर एकदाच

सोलापूर,
१८ जून

ती. अक्का,

शरणु. दाजींना आणि अव्वालाही. गुडघ्याला तेल लावतेस, की नुसती बाटली उशाशी ठेवतेस? इकडे हे बरे आहेत. गॅलरीतल्या मोगऱ्याला यंदा फुलं नाहीत, पानंच पानं.

फोन सोडून पत्र कशाला, म्हणशील. फोन तू स्पीकरवर ठेवतेस आणि अव्वाला "ओळख बघू कोण बोलतंय, ओळख बघू" म्हणत राहतेस. शिवाय मला बोलू तरी कुठं देतेस? म्हणून हे. दाजींना दाखवायचं की नाही, ते तुझं तू ठरव.

दिवाळीत रेवणसिद्ध शेठनी दुकानात बिलांसाठी नवं सॉफ्टवेअर घेतलं, ते तुला सांगितलं होतं. सात काउंटर, सातही स्क्रीन नव्या कोऱ्या. पण ज्या मेन मशीनवर हे सातही चालतात, ते मात्र जुनंच, दुकानात दोनच काउंटर होते तेव्हाचं. सॉफ्टवेअरवाले म्हणाले होते, ह्याला हे झेपणार नाही, मोठा सर्व्हर घ्या. शेठ म्हणाले, "दरसाल लक्ष्मीपूजनाला ह्याला हळदकुंकू वाहतोय. ह्याच्या पायगुणानं दोनाचे सात काउंटर झाले. त्यालाच बाहेर काढू व्हय?" मान डोलावणाऱ्यांत मी पहिली. हळदकुंकू वाहणारी मीच ना!

संक्रांत झाली, शाळेच्या गणवेशांच्या ऑर्डरी सुरू झाल्या आणि मशीननं मान टाकली. एंटर दाबलं की स्क्रीनवर ते गोल चक्र फिरतंय, फिरतंय. तोवर चहा येऊन पिऊन व्हायचा. शेठनी टेबलांची तोंडं ईशान्येला केली. अंबुबाईनं झाडता झाडता लिंबू-मिरची बांधली. चक्र फिरतंच. शेजारच्या काउंटरवरचा सिद्धू ओरडायचा, "काकू, परत दाबा की!" मी परत दाबायची.

मग व्यापाऱ्यांचे फोन यायला लागले. एकाच मालाची दोन-दोन बिलं आलीत म्हणून. मी शपथेवर सांगायची, मी एकदाच केलं. पण खरं सांगू? चारदा कुणी विचारलं की माझं मलाच कळेनासं व्हायचं. बिल केलं होतं, की करायचं राहिलंय म्हणून पुन्हा केलं? शेठ माणूस भला, आवाज चढवला नाही. म्हणाले, "वय होतंय वैनी. सीझन झाला की आराम करा." त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं, अक्का. ओरडले असते तर मी भांडले तरी असते.

घरातही तेच. कुलूप लावून जिना उतरायची आणि गॅस बघायला परत वर. भाजीत मीठ घातलं का म्हणून चव घ्यायची, आणि चवीवरही विश्वास बसायचा नाही. ह्यांना काही बोलले नाही.

अव्वाचं असंच सुरू झालं होतं ना? दिवा लावला की नाही म्हणून परत परत देवघरात जायची. आपण दोघी हसायचो तिला.

मागं तू चिडून म्हणालीस, "कॉम्प्युटर अव्वापेक्षा मोठा झाला व्हय गं तुला?" दुधनीला न येण्याला मी सीझनचं कारण सांगितलं. खोटं होतं ते. शिवरात्रीला शेठ आपणहून सुट्टी देत होते, उगादीलाही. मीच नको म्हटलं. अव्वा मला दारात बघून "यार बंदार?" म्हणते, कोण आलंय विचारते, तेव्हा मला वाटायचं, ही मीच बसलेय समोर, आणखी काही वर्षांनंतरची. भीती वाटली गं. लई भीती वाटली. आपल्याच आईकडं बघायची भीती वाटते, हे कुठल्या तोंडानं सांगू तुला?

मागच्या आठवड्यात सॉफ्टवेअर कंपनीनं उत्कर्षा नावाची इंजिनीअर पाठवली. मोहोळची आहे, बोलायला मोकळी. तिनं आम्हां सातांना एकदम बिलं करायला लावली, स्वतः मेन मशीनपुढं बसली आणि मग मला हाक मारली. "मावशी, हितं बघा. तुमी पहिल्यांदा दाबलं तवाच बिल झालं हाय. मशीनला ते सांगायलाच उशीर होतोय. दोघांपुरती ताकद त्याची, आन तुमी सातजण बसलाय पाठीवर. परत दाबलं की ते बिचारं दुसरं बिल करतंय."

मी म्हटलं, "म्हणजे मी विसरत नव्हते?"

"न्हाय की. सगळ्यांचीच डबल झाल्यात."

सिद्धूची तर माझ्याहून जास्त निघाली. तो गुपचूप रद्द करायचा. पण तो पडला पंचविशीचा, त्याच्या डोक्याची काळजी कोण करतंय?

अक्का, मी भर दुकानात रडले. गिऱ्हाइकांसमोर, हुंदके देऊन. शेठना वाटलं, जुनं मशीन आता काढावं लागणार म्हणून मी रडतेय. धावत आले, म्हणाले, "वैनी, असं नका करू. मी टाकून देत न्हाय त्याला. देवघरात ठिवतो, दिवाळीला तुमीच पूजा करा की." मी पदरानं डोळे पुसत हसले. खरं कारण कुणाला सांगितलं नाही. तुला सांगतेय.

नवा सर्व्हर बसला. आता बोट उचलायच्या आत बिल तयार. पण म्हणून मी सुटले, असं समजत नाही. अव्वाचं दुखणं उद्या माझ्या वाट्याला यायचं असेल तर येईल. तेव्हाचं तेव्हा बघू. अव्वा आज आहे.

रविवारी सकाळच्या गाडीनं दुधनीला येते. चांगली राहायला येते, तू गुडघ्यांना विसावा दे. आणि एक ऐक, तिला सारखं सारखं "ओळख बघू" करू नकोस. गोंधळते ती. मी आले की एकदाच विचारीन, "अव्वा, मी कोण?" आणि तिचा हात धरून बसेन. कितीही वेळ लागू दे, परत विचारणार नाही. कुणाला ठाऊक, माझं नाव तिला पहिल्या हाकेलाच पोचत असेल. सांगायलाच उशीर होत असेल.

तुझी, उशिरानं येणारी,
चंद्रिका