पडून राहण्याची भूमिका

बुधवार, दुपार
मेकअपची खोली

प्रिय ताई,

तू, भावोजी आणि चिंगी बरे असाल असं धरून चालतो, कारण बाबांचं सोडून तू कुणाचंच काही कळवत नाहीस. मी मजेत आहे. म्हणजे पाठ धरली आहे, झोप होत नाही, बाकी मजेत. दिवसभर पलंगावर पडून राहणाऱ्याची झोप होत नाही म्हटल्यावर तू हसशील. हस.

फोन न करता लिहितोय, कारण फोनवर तू गप्प झालीस की मी घाबरून काहीतरी थाप मारतो. 'शूटिंग आहे, निघताच येत नाही' ही तशीच एक.

कोमाचं तुला नीट सांगितलंच नाही. मालिकेत थोरल्या भावाचं लग्न लांबवायचं होतं, तोवर धाकट्याचं काय करायचं ते कुणाला सुचेना. म्हणून मला अपघात झाला. आता रोज सकाळी नाकात नळी, कपाळाला पट्टी आणि डोळे मिटून आडवा. घरातले एकेक जण उशाशी येऊन रडतात, भांडतात, कारस्थानं रचतात. मला ना संवाद, ना हालचाल. पापणी हलली की दिग्दर्शक ओरडतो, "अरे, नीट पड की!" इतकी वर्षं गावोगावच्या थिएटरांत घसा फोडला, बसमध्ये बसूनच झोपा काढल्या, आणि नाव झालं ते पडून राहण्यात. भाजी घेताना बायका विचारतात, "आता बरं वाटतंय का?"

त्याचं मला हसू यायचं. मग तू बाबांचं सांगितलंस.

अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांना बोलता येत नाही, हे कळलं होतं. पण मला टीव्हीवर तसा पडलेला बघून ते चांगल्या हातानं पलंगाची कड धरून उठायची धडपड करतात, टीव्ही बंद केला तर आणखीच चिडतात, हे माहीत नव्हतं. त्यांना वाटतं, मी खरंच इस्पितळात आहे आणि तुम्ही सगळे लपवताय. "एकदा येऊन त्यांच्यासमोर उभा राहा, बाकी काही नको," म्हणालीस. आणि मी थाप मारली.

ताई, बाबा प्रॉम्प्टर. उभा जन्म विंगेत उभं राहून त्यांनी नटांना वाक्यं पुरवली. कचेरीतून थेट तालमीला यायचे आणि मी दप्तरासकट त्यांच्या पायाशी झोपायचो, आठवतं? माझ्या पहिल्या नाटकात मी राजपुत्र होतो. वाट्याला होती नव्हती ती सगळी वाक्यं विसरलो, सगळी त्यांनी दिली, आणि घरी येऊन आईला म्हणाले, "पोरगं छान उभं राहिलं." तो माणूस आता साधं पाणी मागायला शब्द शोधतोय, आणि नाटक कुठलं, खरं कुठलं हे त्यालाच उमगत नाही. ते बघायची मला भीती वाटते. खरं कारण हे आहे.

आणखी एक आहे, तेही सांगून टाकतो. रजा मागितली असती तर पांघरुणाखाली उशी ठेवली तरी भागतं, हे मालिकावाल्यांच्या लक्षात आलं असतं.

काल शेवटी घोटाळा झालाच. माझी पडद्यावरची आई मोठी प्रेमळ बाई आहे. दोन टेकच्या मध्ये विणकाम काढते आणि लोकरीचा गुंडा माझ्या पोटावर ठेवते. कालच्या प्रसंगात तिनं माझा हात धरून म्हणायचं होतं, "बाळा, एकदा डोळे उघड, नुसतं बघितलंस तरी पुरे." ती म्हणाली आणि माझ्या मिटल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "कट! कोमातला माणूस रडतो का?" डोळे पुसले, पुन्हा टेक, पुन्हा तेच. शेवटी बाईनं सगळ्यांना बाहेर काढलं, मला उठवून बसवलं आणि काय झालं ते विचारलं. मी सगळं सांगितलं.

"मग इथे काय करतोयस, गाढवा?"

तसाच पट्टीसकट जाऊन रजा मागितली. दिग्दर्शकानं लेखकाला फोन लावला, दोघं बराच वेळ बोलले. मग मला म्हणाला, "जा. पण परत यायची घाई करू नकोस. तुला मारायचं ठरलंय." माणूस वाईट नाही, वर चहा पाजला. आज सकाळी मेलो. पहिल्याच टेकमध्ये.

पुढे काय, ते विचारू नकोस. एका जुन्या नाटकवाल्यानं दौऱ्याबद्दल विचारलंय. भूमिका छोटी आहे, त्याला अजून हो म्हटलेलं नाही. थकलोय गं. झोपून झोपून कुणी इतकं थकतं, हे मला माहीत नव्हतं.

हे पत्र तुला शनिवारी मिळेल, मी सोमवारी पोचेन. बाबांना आधी सांगत बसू नकोस, त्यांचा आता तुझ्यावर विश्वास नाही. मला सरळ त्यांच्या खोलीत जाऊ दे. रडलो तर रडू दे, भावोजींना मध्ये पाठवू नकोस.

मी मरतो तो भाग मंगळवारी संध्याकाळी दाखवणार आहेत. टीव्ही बंद करू नकोस. मी बाबांच्या पलंगावर, त्यांच्या चांगल्या हाताला बसेन, आणि आम्ही दोघं मिळून मला मरताना बघू.

तुझा,
चालताबोलता,
भाऊ