चौकातले आमचे आजोबा

१२ ऑगस्ट १९९८
चौकात जंगल सत्याग्रहाचं ब्राँझचं शिल्प होणार. कमिटीत मी आहे, हे बरं झालं. या शहरात पुतळ्यांचे फार हाल. सगळ्यांची नाकं एका साच्यातली, कुणाचीही पगडी कुणाच्याही डोक्यावर. कट्ट्यावर पानाच्या पिचकाऱ्या. शी! आपल्या चौकात हे चालणार नाही. इतिहास खरा पाहिजे. आणि मधोमध आमचे आजोबा पाहिजेत. सत्याग्रहाच्या दिवशी ते रानात होते, हे लहानपणापासून ऐकतो आहे.
संकल्प : तंबाखू बंद.

१४ ऑगस्ट
तंबाखू चालू. कमिटीचं टेन्शन फार.

२ सप्टेंबर
मीटिंग. पेठ तालुक्यातून आशा नावाची बाई आली होती. राखीव रानातलं गवत कापायला तिची आजी भागीबाई सगळ्यांच्या पुढे होती, म्हणून शिल्पातही तीच पुढे हवी म्हणे. मी म्हणालो, बाया कडेला छान दिसतात, डोक्यावर घडा वगैरे. आशा म्हणाली, "घडा कशाला? तिचे हातात इळा होता, आप्पा." मग मी आजोबांचं नाव सांगितलं. ती म्हणाली, "होता ना तुमचा आजा. आमचे आजीच्या मागं मागं पळत होता." सगळ्यांसमोर कबूल केलं! बाईच्या रक्षणासाठी मागे राहायचं, याला मोठं मन लागतं.

१ ऑक्टोबर, दसरा
शस्त्रपूजेला आजोबांचा पितळी बिल्ला पाटावर मांडला. इतक्या दसऱ्यांचं हळदकुंकू त्यावर थापलंय की खालचं काही दिसत नाही. कमिटीला दाखवणार म्हटल्यावर बायको, सिंधू, म्हणाली, "असं किळसवाणं नका नेऊ चारचौघांत." चिंच घेऊन घासायला बसली. मुकुट निघाला! खाली इंग्रजी अक्षरं. माझी शाळा चौथीत सुटली, पण मानाचा मुकुट ओळखायला इंग्रजी कशाला? सुनीलनं वाचलं आणि त्याचं तोंड उतरलं. ओझरच्या कारखान्यात एवढा नोकरीला, पण पोटच्या पोराला बापाच्या घराण्याचं कौतुक नाही. "आप्पा, हे कपाटात ठेवा. इंग्रज सरकारचा बिल्ला आहे हा." मी म्हणालो, सरकार काय वाटेल त्याला बिल्ले देतं?

४ ऑक्टोबर
बिल्ला टेबलावर ठेवला. शिल्पकार ललितनं वाचला, आशाकडे सरकवला. ललित म्हणाला, "नक्की ना आप्पा? यावर आहे तसंच घडवू?" मी उभा राहून ठणकावलं, तसंच घडवा, काडीचा बदल नको, आणि ठरावच मांडला. पहिली टाळी आशाची. मीही मग भागीबाईला पुढे घ्यायची परवानगी दिली.
आजोबांचा फोटो नाही. अशा वेळी घरातल्या माणसाचा चेहरा घेतात, असं ललित म्हणाला. मी नाही म्हणालो. मग हो म्हणालो.

१८ नोव्हेंबर
दंडुका उगारून उभा राहतो. खांदा गेला. ललित म्हणतो, "समोरच्यांवर चिडा, चेहऱ्यावर किळस आणा." समोर इंग्रजच असणार. मी पिचकारीवाले आठवले. ललित खूष.
संकल्प : रोज आरशासमोर सराव.

१९ नोव्हेंबर
सराव केला. सिंधू घाबरली. बंद.

२५ जानेवारी १९९९
सिन्नरहून मुलीच्या सासरचे आले. व्याह्यांना उद्या पहिल्या रांगेत बसवणार. लग्नात त्यांनी "तुमचं घराणं कोणतं?" असं विचारलं होतं. उद्या उत्तर मिळेल. भाषण पाठ आहे.

२६ जानेवारी
पडदा निघाला. पुढे भागीबाई, हातात विळा. तिच्यामागे डोंगरातल्या बाया-बापे, गवताचे भारे. सगळ्यांत मागे पट्टा-बिल्ला लावलेला, दंडुका उगारलेला जंगल खात्याचा गार्ड. तोंड माझं.
व्याही म्हणाले, "आप्पा, हुबेहूब!" आणि रुमालात खोकत राहिले. शिल्पातल्या सगळ्यांना हार घातले, एक सोडून. भाषणाला कुणी बोलावलं नाही. ललितला बाजूला घेतलं, तर म्हणाला, "फॉरेस्ट गार्ड, बिल्ल्यावर तेच आहे. मी विचारलं होतं तुम्हाला." सुनीलनं हात धरून मला घरी आणलं. तेच जास्त लागलं.

३० जानेवारी
चेहरा बदला म्हणून कमिटीत सांगितलं. निदान मिशी तरी काढा. आशा म्हणाली, "काडीचा बदल नको, तुम्हीच बोललात ना, आप्पा? माझे आजीला मारलं, ते खरंच होतं." तिच्याकडे बघवलं नाही. पाणी पिऊन घरी आलो.
संकल्प : चौकातून जाणं बंद.

९ फेब्रुवारी
दूध त्याच चौकात मिळतं.
लोक गार्डावरच थुंकतात. नेम धरून. भागीबाईवर एक डाग नाही. म्हणजे इतिहास लोकांना कळला. शी!
बादली-फडकं घेऊन गेलो. गालावरचं निघालं, मिशीतलं निघेना. पानवाला ओरडला, "आप्पा, स्वतःची दाढी चाललीय का?" घरी येऊन सिंधूला सांगितलं. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "चिंच लावून बघा."