परक्या भुईला आंबील

आई, यंदा वेळ अमावास्येला, आपल्या येळवशीला, मी एक गोष्ट केली. ती तुला सांगायची तर आधी शेजारणीपासून सुरुवात करायला हवी. तू इथं कतारमध्ये, अल खोरला आली होतीस तेव्हा ती इथं नव्हती. आता तिचं घर आमच्या घराला लागून आहे आणि सकाळी कंपनीच्या बसमध्ये आम्ही एकाच बाकावर बसतो. ती पेरू देशातल्या कुस्कोची, उंच डोंगरातली. गळ्यात क्रूस असतो, इथल्या सुट्टीच्या दिवशी, शुक्रवारी, न चुकता चर्चला जाते आणि तरीही जूनमध्ये सूर्याचा सण करते. हे कळलं तेव्हा मी प्रश्न विचारून विचारून तिला भंडावून सोडलं. माझी ही खोड तुला काय सांगायची!

त्यांच्याकडे जून म्हणजे कडाक्याची थंडी. सूर्य लांब गेलेला असतो, म्हणून इंका लोक त्याला परत बोलवायचे. पुढे पाद्री आले, त्याच दिवसांत त्यांच्या संताचा सण येऊन बसला आणि लोकांनी दोन्ही ठेवून घेतले. "मग इथं तू सूर्याला काय म्हणतेस?" मी विचारलं. सकाळी सहालाच बसची काच चटके देत होती. ती म्हणाली, "इथं म्हणते, बाबा रे, आलास ते पुरे, आता जरा मागं सरक." तिच्या शहरात एका सणाला वस्त्यावस्त्यांतले संत, म्हणजे त्यांच्या मूर्ती, पालख्यांतून मोठ्या चर्चमध्ये येतात, शेजारी शेजारी मुक्काम करतात. लोक म्हणतात, ते आत गप्पा मारतात, भांडतातसुद्धा. आपल्याकडे जत्रेत देव बहिणीला भेटायला जातो तसंच की! आणि फार पूर्वी मेलेल्या राजांची जपून ठेवलेली शरीरं अशीच मिरवायचे म्हणे, त्यांना खाऊपिऊ घालायचे. "मेलेले खातात?" मी विचारलं. "खातात की नाही देव जाणे," ती म्हणाली, "पण विचारायचं तरी. न विचारलेलं कुणाला आवडतं?"

हे ऐकलं आणि मला तू आठवलीस. तू आली होतीस त्या थंडीत येळवस इथंच आली. पिशवीतून ज्वारीचं पीठ आणलं होतंस. तू ओट्याशी उभी आहेस, पातेल्यात आंबिलीसाठी ताक घुसळलं जातंय, लसणाचा वास घरभर सुटलाय. बेसन लावलेली मिश्र भाज्यांची भज्जी झाली, ज्वारीचे उंडे झाले. गावी असतो तर कडब्याच्या कोपीत पाच दगडांचे पांडव मांडून, "ओलगे ओलगे" असा येळवशीचा पुकारा करत, आंबील शेतभर शिंपडली असती. मी मोठ्या हौसेनं मागचं दार उघडलं, म्हटलं, चल, इथं शिंपड. तू पळी हातात धरून उंबऱ्यातच थांबलीस. "इथं नको गं," म्हणालीस. "ही कुणाची भुई हाय, आपल्याला ठावं न्हाई. दुसऱ्याच्या लेकराला न इचारता चारतेत व्हय?" मी म्हटलं, अगं, जमिनीला कुठं तोंड असतं? त्यावर तू जे डोळे वटारलेस! "पेरतेस तवा दाणा कुठं घालतेस मग?" एवढं बोलून पहिली पळी माझ्याच वाटीत ओतलीस. नंतर नीट विचारू म्हटलं आणि ते राहूनच गेलं.

तू गावी परतलीस आणि मग कायमचीच गेलीस, मागोमाग शेत वाटणीत काकांकडे गेलं, त्यांनी ते विकलं. त्यानंतर मी आंबील केली नाही. शेत राहिलं नाही आणि इथं तू नको म्हणालीस. मग येळवस करायची तरी कुठं? कधी कधी फार रुखरुख लागायची, की हा सण माझ्यापाशी येऊन संपला. माझ्या लेकीला तर येळवस हा शब्दही ठाऊक नव्हता. "इज इट लाइक अ पिकनिक?" म्हणाली.

ऑगस्ट उजाडताच शेजारीण म्हणाली, पहाटे ये, ऊन चढायच्या आत. त्या महिन्यात ते लोक धरणीमातेला जेवू घालतात. तिनं घरामागच्या वाळूत छोटा खड्डा केला, मक्याचे दाणे, बटाटे आणि बिस्किटं ठेवली, जांभळ्या मक्याचं उकळून केलेलं सरबत वर ओतलं. तिकडे या पूजेला कोकाची पानं लागतात, ज्यांपासून कोकेन करतात ती. "ती इथं आणली तर खलास," ती हसून म्हणाली. म्हणून तमालपत्रं. तीन पानं हातात धरायची, त्यांवर फुंकर घालायची आणि देव मानलेल्या आपल्या डोंगरांची नावं घ्यायची. तिनं पाच-सहा नावं घेतली, मग मेरीमातेचं घेतलं आणि माझ्या हातात पानं दिली. आपल्याकडे कुठले गं डोंगर? मी आपल्या शेताचंच नाव घेतलं, बाभळीचं रान. मग मी तिला तुझा प्रश्न विचारला, ही जमीन तुझी नाही, तुझ्या आजीची नाही, हिला तू कशी चारतेस? तिला तो अवघड वाटलाच नाही. म्हणाली, "मी खणायच्या आधी तिला विचारते. तू बघितलं नाहीस?"

खरंच, ती आधी गुडघे टेकून काहीतरी पुटपुटली होती. मला वाटलं, पाठ दुखतेय.

तेव्हापासून तुझं वाक्य मी उलटंपालटं करून पाहतेय. तू चारू नको म्हणाली होतीस, की न विचारता चारू नको? मला अजून ठरवता येत नाही.

येळवशीला मी ज्वारीचं पीठ शोधून आणलं आणि आंबील केली. मागच्या दारी वाकून विचारलं, मराठीतच. लेक बाजूला उभी होती. जरा थांबले आणि पळी रिकामी केली. वाळूनं आंबील बघता बघता पिऊन टाकली. लेक म्हणाली, "शी वॉज थर्स्टी." मग तिनंही एक पळी ओतली, मी न सांगता.

हे कागद कुठल्या पत्त्यावर पाठवू? आंबिलीच्या पातेल्याखालीच ठेवून देईन. फक्त एक राहिलं. तू नैवेद्य दाखवायच्या आधी कधी जिभेवर ठेवायची नाहीस, मलाही ठेवू द्यायची नाहीस. मी चाखला, आई. तुझ्या आंबिलीइतकी आंबट झालीय का, हे मला माझ्या जिभेशिवाय दुसऱ्या कुणाला विचारता आलं नसतं.