व्याह्यांचा एल्क

केंब्रिज,
कॅनडा, ६ मे २०१२

तीर्थरूप ताईस,
रवीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकशील. आमचा फोन ओट्यापाशी आहे आणि ओट्यापाशी जयंती आहे, म्हणून हा टपालाचा मार्ग.

काल गौरांगीच्या लग्नाची बैठक झाली. बैठक म्हणजे आमच्या बेसमेंटात कॉलिनचे आईवडील, आम्ही दोघं आणि बटाटेवडे. मुलगा तुला पसंत आहेच, वडीलही पडतील. डग फ्रेझर नाव, निवृत्त प्लंबर, लिंडसेला राहतात. आल्या आल्या त्यांना आमच्या वॉशरूमचा नळ ठिबकताना ऐकू आला आणि जेवायच्या आधी त्यांनी तो दुरुस्त करून टाकला. वरपित्याने आपला नळ दुरुस्त करायचा! मी शरमेने अर्धा झालो. म्हणून वडे संपल्यावर रीतसर विचारलं, की आपली मानपानाची अपेक्षा काय. जयंतीने टेबलाखालून लाथ मारली, पण तोवर बोलून झालं होतं. डगराव आधी नको नको म्हणाले. मग पोटावरून हात फिरवत म्हणाले, की देवाने सगळं दिलं, एक एल्क तेवढा राहिला. तोही धनुष्यबाणाने, सरकारी जंगलात, वाटाड्या न घेता आपला आपण मारलेला.

एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ, घोड्याएवढा; त्याच्या शिकारीचा मोसम सप्टेंबरात. मी उठलो, हात मिळवला आणि सांगितलं की होऊन जाईल.

ताई, घरातली माशीसुद्धा मी वर्तमानपत्राने वारा घालून बाहेर काढतो, हे तू जाणतेस. पण तुझं ताट मी विसरलेलो नाही. तुझ्या सासरच्यांनी चांदीचं ताट मागितलं, अण्णांनी ऐपतीप्रमाणे जर्मन सिल्व्हरचं दिलं, आणि तेवढ्यावरून आईच्या शेवटच्या दुखण्यातही तुला माहेरी पाठवलं नाही. माझ्या गौरांगीला असं कुणी काही ऐकवलेलं मला सोसणार नाही. व्याह्यांनी एल्क मागितलाय, त्यांना एल्क मिळेल.

लोभ आहेच, तो या प्रकरणातून शाबूत बाहेर पडावा.

तुझा,
रवी


ओटावा,
१९ मे २०१२

चि. रवीस,
ताईचे अनेक आशीर्वाद आणि सोबत एक धपाटा.

तुझं पत्र वाचून मी चहा सांडला. अरे, तुझा उजवा खांदा आखडलेला. जन्मभर फिजिओथेरपीत लोकांचे खांदे सोडवले मी, पण सख्ख्या भावाने एक व्यायाम धड केला नाही. भांग पाडताना कण्हतोस, धनुष्य कसलं ताणतोस! आणि समजा, कर्मधर्मसंयोगाने तो प्राणी मेलाच, तर तीन क्विंटलचं ते धूड जंगलातून रस्त्यापर्यंत आणणार कोण? ठेवणार कुठे? जयंतीच्या फ्रीजरमध्ये, खवलेल्या नारळाशेजारी? शिवाय सप्टेंबरात अधिक महिना आहे. लोक जावयाला अनारशांचं वाण देतात आणि तू व्याह्याला एल्क देणार.

ताटाचं म्हणशील, तर ते अजून माझ्यापाशीच आहे. कॅनडाला निघताना सासूबाईंनी मुद्दाम बॅगेत घातलं, मला विसर पडू नये म्हणून. ते आमच्या दाराशी असतं आणि हिवाळाभर त्यात बूट निथळतात. आईचं आठवलं की अजून रात्र जागून निघते, खोटं कशाला सांगू. पण तेवढ्यासाठी तू जंगलात जावंस असं मला मुळीच वाटत नाही. त्या गृहस्थांना पुन्हा एकदा विचार. एखादा चांगला स्वेटर चालेल का म्हणावं.

माया आहे म्हणून रागावते, याउपर तू सुज्ञ आहेस.

तुझी,
उमाताई


केंब्रिज,
१२ ऑगस्ट २०१२

ती. ताईस,
सा. न. आणि एक आनंदाची बातमी.

परवान्याची चिठ्ठी निघाली! एल्क थोडे आणि इच्छुक फार, म्हणून इथे सोडत काढतात. डगरावांचं आणि माझं नाव जोडीने लागलं. फोनवर सांगितलं तर त्यांनी तीनतीनदा ‘नक्की ना?’ म्हणून विचारलं, इतका आनंद झाला त्यांना.

शिकाऱ्यांचा कोर्स मी पहिल्या झटक्यात पास झालो. शिकार कशासाठी करता, असं मास्तरांनी विचारलं तेव्हा मुलीच्या लग्नासाठी असं सांगितलं. ते थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिले, पण सही केली. तयारीत कसूर नाही. एल्कचं नाक तिखट असतं, म्हणून घरात फोडणी बंद आहे. जयंती गॅरेजमध्ये कॅम्पच्या शेगडीवर आमटी करते आणि माझ्याशी कामापुरतंच बोलते. (मी खरंच जंगलात जाणार हे तिला कळलं. हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचे कपडे वॉशिंग मशीनमध्ये सापडले.) आता ते कपडे जंगलाचा वास लागावा म्हणून ख्रिसमस ट्रीच्या फांद्या घातलेल्या खोक्यात ठेवलेत. धूड ओढायला मी दोन चाकांची गाडी आणि कप्पी तयार केली आहे. कारखान्यात इतकी वर्षं इंजिनं उचलली, एल्क काय चीज आहे! मांस डगरावांच्या फ्रीजरमध्ये जाईल, आपल्या नारळाला धक्का नाही.

बाण डगरावच मारतील. माझ्याकडे एल्कची हाळी देण्याचं काम आहे. आधी घोगरं सुरू करायचं आणि मग एकदम वर किंचाळायचं. रोज बेसमेंटात रियाज करतो. शेजारीणबाईंना वाटलं आमचा पाइप फुटला. त्यांनी प्लंबर बोलवा म्हणून सांगितलं. म्हटलं, व्याहीच आहेत.

खांद्याचे व्यायाम चालू केले आहेत, हे वाचून तरी राग उतरावा.

तुझा,
रवी


ओटावा,
२६ ऑगस्ट २०१२

चि. रवीस अनेक आशीर्वाद.

गौरांगी दोन दिवस येऊन गेली. तिच्या बोलण्यातलं काही मला उलगडलं नाही, ते कळवते. तुझे डगराव म्हणे पाठीवर मिठाचं पोतं घेऊन रोज जिना चढतात-उतरतात. नवे बूट आणलेत, त्या बुटांनी टाचा सोलल्या. त्यांच्या पत्नी हेलनबाईंनी विचारलं की या वयात हे कशाला, तर म्हणाले, रीत ती रीत, मुलीच्या वडिलांचा मान राखायलाच हवा. गौरांगीला त्यांनी खाजगीत विचारलं, की जंगलात शिरताना चपला काढाव्या लागतात का, आणि बाईमाणूस सोबत चालत नाही का. पोरीला वाटलं थट्टा करताहेत, तीही हसली.

सोबत दशम्या पाठवते. हिंग नाही, मोहरी नाही, कुठल्याही जनावराला पत्ता लागणार नाही. गणपती बसायच्या आत दोघंही धडधाकट परत या. माझा जीव तुमच्यात अडकलाय, तो लवकर सोडवा.

तुझी,
उमाताई


केंब्रिज,
१५ सप्टेंबर २०१२

ती. ताईस कृ. सा. न.

कालच परतलो. एल्क जिवंत आहे, आम्हीही आहोत.

बॅनक्रॉफ्टच्या पुढे गाडी ठेवून आत चालत गेलो. दोन दिवस दलदल, डास आणि तुझ्या दशम्या. तिसऱ्या दिवशी सकाळी मी हाळी दिली आणि समोरच्या झाडीतून उत्तर आलं. मग तो स्वतः आला. ताई, काय सांगू! डोक्यावर झाडाची झाडं घेऊन चाललेला, नाकातून वाफ निघते आहे, आणि उभा राहिला तो आपल्या अंगणातल्या तुळशीएवढ्या अंतरावर. माझी रामरक्षा आपोआप सुरू झाली.

डगरावांनी धनुष्य उचललं आणि माझ्या हातात दिलं. खुणेने सांगितलं, की मान तुमचा. मी ते परत दिलं, की छे छे, मान आपला. त्यांनी पुन्हा माझ्याकडे सरकवलं, की वधूपिता तुम्ही. मी हात जोडले, की वरपक्ष आपण. असं ते धनुष्य आमच्यात पंगतीतल्या शेवटच्या जिलबीसारखं फिरलं. एल्क आधी माझ्याकडे, मग त्यांच्याकडे बघत होता. शेवटी त्याने लीद टाकली आणि तो निघून गेला.

डगरावांनी सुटकेचा एवढा मोठा श्वास सोडला की मी चमकलो. मग एका ओंडक्यावर बसून उलगडा झाला. बैठकीत ते गंमत करत होते! शिकार सोडून त्यांना वीस वर्षं झाली, आणि तेव्हाही कधी काही मारलं नव्हतं. पण मी इतक्या गंभीरपणे उठून हात मिळवला की त्यांना वाटलं, लग्नाआधी दोन्ही वडिलांनी मिळून शिकार करायची ही आपलीच रीत. नाही म्हटलं तर मुलीकडच्यांचा अपमान होईल आणि पोरीला त्यांच्या घरात परकं वाटेल, म्हणून ते मिठाचं पोतं वाहत राहिले. त्यांच्या टाचा बघवत नव्हत्या. मी त्यांना तुझ्या ताटाची गोष्ट सांगितली. ते माझ्या दुखऱ्या खांद्यावर नुसता हात ठेवून बसले. मी रडलो, ताई. तेही रडले असावेत, पण डास फार होते.

घरी आल्यावर जयंतीने आधी हिंगाची फोडणी दिली, मग दार उघडलं.

तुझा आशीर्वाद असू दे, आता फक्त लग्नच उरलंय.

तुझा,
रवी


ओटावा,
२३ सप्टेंबर २०१२

चि. रवीस अनेक आशीर्वाद, डगरावांना नमस्कार.

तुझं पत्र मी उभ्याउभ्या वाचलं आणि हसून हसून खाली बसले. मग त्या टाचांपाशी आले आणि हसू आटलं. पोरीला परकं वाटू नये म्हणून एक वरपिता मिठाची पोती वाहतो! मला असा सासरा मिळाला असता तर आईच्या उशाशी मी असते रे. असो, गौरांगीला मिळाला. माझं मन किती दिवसांनी निवलं म्हणून सांगू.

पण शब्द दिलास तो पाळायलाच हवा. डिसेंबरात रुखवत मी घेऊन येणार आहे, आणि त्यात बेसनाचा एल्क असेल. चांगला हातभर लांब, मनुकांचे डोळे, खारकांची शिंगं. सनई लागली की तो वाजतगाजत व्याह्यांच्या हाती द्यायचा, आणि या खेपेला त्यांनी तो मुकाट्याने घ्यायचा.

काल दाराशी बुटांसाठी प्लास्टिकचा ट्रे आणला. ताट चिंच लावून घासलं, तर असं लखलखलं की मीच बघत राहिले. एल्क त्यात बसवून आणणार आहे. डगरावांना आधीच सांगून ठेव, की ते चांदीचं नाही. हे ठाऊक असूनही ते ताट हातात घेताना वरपित्याचा चेहरा कसा असतो, ते मला बघायचं आहे.

वाट बघते. माझ्या वाट्याचा लोभ आता त्यांनाही दे.

तुझी,
उमाताई