माझ्या नाकाला सोसेल असं मांजर

नोवोसिबिर्स्क, मार्चअखेर

प्रिय इन्ना मेहुणीबाई,

तुझ्या भावोजींचा कमरेपर्यंत वाकून नमस्कार (कंबर सरळ व्हायला वेळ लागेल, तोवर तू पुढचं वाच). तुझे गुडघे, नवऱ्याचा रक्तदाब आणि तळघरातल्या काकड्यांचं लोणचं, सगळं ठीक असेलच. इकडे बर्फ आत्ता कुठे वितळायला लागलाय. माझं नाक केव्हाच वितळलंय.

कारण आमच्याकडे मांजर आलंय. हो, माझ्याकडे! लग्नाच्या जेवणात तुमच्या मुर्का मांजरीने मला इतकं शिंकवलं, रडवलं की तुझ्या आईला वाटलं, जावई भलताच हळवा आहे. तेव्हापासून तुझ्या रिम्माताईने मांजराचं नाव काढलं नव्हतं. पण यंदा ऑपरेशन होऊन घरी आली ती हट्ट घेऊनच, की गेनादी, तुझ्या नाकाला सोसेल अशी जात शोधायची.

आधी बिनकेसांचं पाहिलं. अंगात स्वेटर, आणि हाताला उकडून सोललेल्या बटाट्यासारखं. केस नाहीत म्हणजे त्रास नाही, असा तुझ्या ताईचा हिशेब. पण मी छातीच्या धडधडीसाठी वलेरियन मुळीचे थेंब घेऊन गेलो होतो, आणि त्या वासाने मांजरं कशी खुळावतात ते तू जाणतेस. ते थेट माझ्या दाढीत शिरलं आणि चाटत सुटलं. (खरा त्रास केसांचा नसतो, थुंकीचा असतो. हे कुणी आधी सांगत नाही.) तोंड असं सुजलं की बसमध्ये एका आजीबाईंनी उठून मला जागा दिली.

मग सायबेरियन. अंगभर केस, पण म्हणे नाकाला सगळ्यात सोसणारं. मांजरवाली कापितोलिना मोठी खमकी. ती आधी पिल्लू देत नाही, पिल्लू झोपतं ते फडकं देते. उशीखाली घेऊन झोपा, मग बोला. रिम्मा एकेका पिल्लाचं फडकं आणायची आणि सकाळी माझ्या नाकाकडे डोळे लावून बसायची. मी म्हटलं, बिचारीने जन्मभर माझ्यापायी मन मारलं, आता शिंक आली तर गिळायची. (गिळलेली शिंक कानात जाते. करून बघ.) राखाडी पिल्लाच्या फडक्याला मी एकदाच शिंकलो, तेही न्हाणीघरात, नळ सोडून.

रविवारी ते आणायला गेलो. मी दाराशी बूट चढवत होतो. रिम्माला वाटलं, मी बाहेर पडलो. ती त्या बाईला म्हणाली, "फार लाडावलेलं नको हं. ह्याच्याजवळ एकटं राहील असं द्या. मी काही फार दिवस नाही."

 कापितोलिनाने राखाडी पिल्लू उचलून माझ्या कोटात घातलं.

इन्ना, मला वाटत होतं मी तिच्या हौसेसाठी शिंका गिळतोय. ती माझ्यासाठी सोबत शोधत होती. बसमध्ये मला रडू आवरेना. तिला वाटलं, मांजराचाच त्रास. तिने पिशवीतून पुसायला फडकं काढून दिलं, नेमकं पिल्लाचं. मग डोळे असे सुजले की खरं रडणं त्यात खपून गेलं.

तुझा शिंकणारा भावोजी,
गेनादी

ता.क. तिने तुला पित्ताचे खडे सांगितले होते. खडे नव्हते. तुला कळवायचं नाही अशी तिने मला शपथ घातली आहे, तेव्हा मी काही कळवलेलं नाही. तू आपली मांजर बघायला ये. ह्याच आठवड्यात ये.

पुन्हा ता.क. पिल्लू सारखं तिच्याच मांडीवर असतं, माझ्याकडे फिरकत नाही. ती रोज म्हणते, "अरे, हाक तरी मार त्याला." मी मारत नाही. त्याला माझा लळा लागला की तिची काळजी मिटेल, आणि मला ती इतक्यात मिटायला नको आहे.