राजूचा खोकला

२ डिसेंबर
ताप. कोरडा खोकला. डोक्यावर पाटा ठेवल्यासारखं दुखतंय. कारण मला ठाऊक: शेजारच्या गोजराबाईची मिरचीची फोडणी. चौथी शिकलेय, पण एवढं कळतं. डॉक्टर नको.
राजूला शेंगदाणा चावून ओठानं दिला. नात तेजल म्हणते, आजी, त्याची चोच अक्रोड फोडंल. फोडू दे. हा पोपट माझ्या तोंडचंच खातो.

५ डिसेंबर
सुवर्णा सूनबाईनं दवाखान्यात ओढून नेलं. डॉक्टरनं विचारलं, घरात कोंबडी, कबुतर, पोपट? म्हटलं, दारात कावळा येतो. पोपट पाळायला बंदी आहे, टीव्हीवर ऐकलंय. उचलून नेतील. सूनबाई फरशी बघत बसली, शहाणी. मी खोटं कुठं बोलले? राजू घरातला माणूस आहे.

९ डिसेंबर
गोळ्या संपल्या, ताप तिथंच. छातीचा फोटो काढला. डाव्या फुफ्फुसावर डाग. तेजल रडली. म्हटलं, काढणाऱ्याचं बोट आलं असंल. थुंकी तपासली, टीबी नाही.
ठरवलं: उद्यापासून राजूला तोंडानं भरवायचं नाही. सहज आपलं.

१० डिसेंबर
भरवलं. पिसं फुगवून, मान टाकून बसला होता. माझ्या काळजीनंच.

१२ डिसेंबर, दुपार
न्हाणीघरापर्यंत जाताना दम लागून भिंत धरली. सुवर्णा घाबरली, डॉक्टरला व्हिडिओ कॉल लावला. ते म्हणाले, खोकून दाखवा. मी तोंड उघडायच्या आत मागून माझाच खोकला. हुबेहूब, शेवटच्या आई गं सकट. त्यांनी विचारलं, तिकडं अजून कोण आजारी? तेजल फितूर झाली, पोपट आहे म्हणाली.
लगेच बोलावलं. म्हणाले, आजी, आठवड्याआधी सांगितलं असतं तर एवढी धाप लागली नसती. पक्ष्याची विष्ठा वाळून धूळ होते, ती श्वासात जाते. चोचीतूनही जंतू येतो. पिंजरा मी रोज कोरडा झाडते, नाकासमोर. एवढी स्वच्छता, आणि हे बक्षीस!
घशातला नमुना पाठवला. दुसऱ्या गोळ्या लगेच सुरू, चौदा दिवस.

१५ डिसेंबर
ताप गेला. गोळ्या बंद. उरलेल्या गोळ्या मुगाच्या डब्यात ठेवल्या, कुणाला लागतील.

१७ डिसेंबर
ताप आला. सुवर्णानं मूग उपसले. शिव्या दिल्या नाहीत, त्याचीच भीती वाटली. चौदा दिवस पुन्हा पहिल्यापासून. आता समोर उभी राहून गोळी गिळवते, वर तोंड उघडून बघते. तपासणीचा कागद आला: पोपटाचाच जंतू.

२० डिसेंबर
जनावरांच्या डॉक्टरनं राजूलाही औषध दिलं. पंचेचाळीस दिवस, गॅलरीत वेगळा ठेवून. मग वनखात्याच्या हवाली करा म्हणाला. पंचेचाळीस दिवसांत तो डॉक्टर विसरंल. सुवर्णा मास्क लावून पिंजरा ओला करून पुसते. मी काचेतून बघते. राजू तिकडून माझा खोकला खोकतो. सुरुवातीला सगळे माझ्याकडं पाणी घेऊन पळायचे. आता कोणी हलत नाही.

३१ डिसेंबर
काल गोळ्या संपल्या. छाती मोकळी. माझ्या काटकपणानंच बरी झाले. खुशीत चहात बिस्किट बुडवलं, घशात अडकलं. असा ठसका लागला की डोळे पांढरे व्हायची वेळ.
स्वयंपाकघरातून सुवर्णा ओरडली, राजू, गप्प बस.